मडमबाईच्या थडग्याचं दगडफूल

१

शुक्रवारी सकाळी कबरस्तानातून अशी किंकाळी आली की मी हातातला चहा तसाच ठेवून पळालो. निंबेगव्हाणच्या ख्रिस्ती कबरस्तानात नाग निघणं ही काही बातमी नाही, मुंगूस निघणं तर मुळीच नाही. पण मनवा या दोघांनाही घाबरत नाही, उलट जवळ जाऊन त्यांचे फोटो काढते. तेव्हा प्रकरण गंभीर होतं.

मनवा पुण्याची, वनस्पतिशास्त्राची संशोधक. गेलं वर्षभर माझ्या इंदूआत्याकडे खोली घेऊन राहते आणि आमच्या कबरस्तानात काय उगवतं, काय सरपटतं, कोण कुठे घरटं करतं ते बघत हिंडते. गावात तिला ‘माणसं सोडून गवत मोजणारी’ म्हणतात. तिचं म्हणणं असं, की शेवगावच्या या अंगाला नांगर आणि फवारा ज्या जमिनीला कधीच लागला नाही अशी ही एवढीच जागा उरली आहे. म्हणून इथे कुसळी गवत आहे, तरवड आहे, कडुलिंबाच्या ढोलीत पिंगळे आहेत आणि आमचे पूर्वज आहेत. पूर्वजांचा नंबर शेवटचा. मी चर्चचा सेक्रेटरी, मला ते जरा लागलं. पण पोरगी गुणी आहे.

ती मडमबाईच्या थडग्यापुढे उकिडवी बसून रडत होती.

मडमबाई म्हणजे जुन्या काळी आलेली मिशनरीण. तिनं गावात पहिली शाळा काढली आणि पहिलं डाळिंब लावलं म्हणतात. कापूस आणि उसाच्या या गावात डाळिंब धरणारी घरं आजही मोजकीच आहेत. पण कुठल्याही जातीधर्माचं घर असो, बागेतलं पहिलं फळ मडमबाईच्या थडग्यावर ठेवल्याशिवाय तोडा सुरू करत नाही. थडग्याच्या उशाला छातीइतकी काळी शिळा उभी आहे आणि तिच्यावर नारिंगी-करडे, गोल गोल चट्टे होते. होतेच म्हणायचं. आता शिळा न्हाव्याकडून आल्यासारखी गुळगुळीत दिसत होती. खालच्या बाजूला कुणीतरी चुना फासायला घेऊन अर्ध्यात सोडून दिला होता.

“कुणीतरी सगळं खरडून नेलं, सुहासदादा,” मनवा म्हणाली. “काल सकाळी जागेवर होतं. एवढं वाढायला शंभर वर्षं लागतात हो!”

आता बुधवारचं सांगायला हवं, कारण सगळी आग तिथे लागली. बुधवारी मनवानं गावातल्या लोकांना कडुलिंबाखाली बसवून या चट्ट्यांची माहिती दिली होती. “हे एक झाड नाही,” ती म्हणाली, “हा बुरशी आणि शेवाळाचा संसार आहे. बुरशी घर बांधते, शेवाळ स्वयंपाक करतं.” बायका खुसुखुसू हसल्या. मग रंगात येऊन मनवा म्हणाली, “तुमच्या काळ्या मसाल्यातलं दगडफूल असतं ना, तेही याच कुळातलं.” सगळ्यांच्या माना रतनबाईकडे वळल्या, कारण गावाचा मसाला रतनबाई करते. तिचा नवरा कानिफनाथ, जो सणावारी एखादं वाक्य बोलतो, त्यानंही तेवढ्यात विचारून घेतलं, “ताई, ही बुरशी पसरती का?” मनवा म्हणाली, “पसरते ना, पण फार हळू.” झालं, टाळ्या वाजल्या, कार्यक्रम संपला.

आणि शुक्रवारी शिळा कोरी.

मी डोकं खाजवत होतो, तेवढ्यात फाटकाशी पंकजा उभी दिसली. पंकजाचेही मसाले आहेत, पाकिटातले, वर तिचा स्वतःचा फोटो असलेले.

“दगडफूल गेलं व्हय?” ती गावाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. “आन् रतनबाईचा मसाला कालच कुटून आला!”

२

वाऱ्यालाही लाजवेल अशा वेगानं ती गोष्ट गावात फिरली. मी अफवा पसरवत नाही. दुकानात आलेल्या गिऱ्हाईकाला फक्त काय घडलं ते सांगतो. दुपारपर्यंत माझं दुकान भरलेलं होतं.

“म्हंजी त्या बारशाला आमी जो रस्सा खाल्ला, त्यात मडमबाई हुती?” एकानं पोटावर हात ठेवून विचारलं.

“बारसं रविवारी झालं, शिळा गुरुवारी खरडली,” मी म्हणालो.

“म्हंजी ती आधीपासनं खरडत हुती!”

गावाच्या तर्कापुढे मी हात टेकतो.

संध्याकाळपर्यंत रतनबाईच्या दारी माणसं आली ती मसाला न्यायला नाही, सांगितलेला मसाला नको म्हणायला. ऐन उन्हाळा, मसाल्याचे दिवस. तिनं साऱ्या गावाच्या हिशेबानं मिरची आणून अंगणात पसरली होती. वर्षाची कमाई या महिन्यात होते आणि नाव गेलं की पुढच्या वर्षी कुणी दारात उभं राहत नाही, हे तिला कळत होतं. आमच्या चर्च कमिटीचे अध्यक्ष आबासाहेब यांनी जाहीर केलं, “रविवारी उपासनेनंतर कबरस्तानात बैठक. दोष सिद्ध झाला तर रतनबाईचा मसाला सणाच्या जेवणाला कायमचा बंद.” आणि चर्चनं बंद केला म्हणजे गावानं केलाच.

सगळ्यात चमत्कारिक गोष्ट म्हणजे रतनबाई गप्प होती. ही तीच रतनबाई, जिनं जुडीतल्या दोन काड्या सडक्या निघाल्या म्हणून कोथिंबीरवाल्याला बाजारच्या वेशीपर्यंत पिटाळला होता. आता तिच्यावर गावाला थडगं खाऊ घातल्याचा आळ आला आणि ती मान खाली घालून मिरच्यांचे देठ खुडत बसली.

“तोंड उघडत न्हाई, म्हंजी केलंच आसंल,” लोक म्हणाले. मलाही तसंच वाटलं. मी ते इंदूआत्याला सांगितलं.

इंदूआत्या नगरच्या एका दवाखान्यात मेट्रन होती. आता निवृत्त आहे, पण दरारा निवृत्त झालेला नाही. गावातल्या निम्म्या लोकांना तिनं इंजेक्शनं टोचली आहेत, त्यामुळे ती समोर आली की माणसं आपोआप खरं बोलतात.

“सुहास,” ती चष्मा पुसत म्हणाली, “गप्प बसलेल्या पेशंटला काही दुखत नसतं असं मी तुला कधी शिकवलं होतं का? चल, शिळा दाखव.”

३

आत्यानं शिळेची तपासणी एखाद्या रुग्णासारखी केली. आधी लांबून पाहिलं, मग जवळून, मग वास घेतला. जीभ दाखव म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं.

“खाली भुसा कुठे आहे?” तिनं विचारलं.

“कसला?”

“एवढं खरडलं, तर चुरा पडायला हवा. इथे झाडून घेतलंय. पानसुद्धा नाही.”

ती शिळेमागे गेली. तिथे रुईचं झुडूप आहे. तिनं एक पान खुडून माझ्या नाकासमोर धरलं. शिळेच्या दोन्ही बाजूंना आलेल्या पानांवर बारीक निळसर ठिपके होते. बरोबर शिळेच्या आडोशाला असलेली पानं स्वच्छ. मग ती खाली वाकली आणि मी ज्याला अर्धवट चुना म्हणत होतो तो तिनं नखानं उकरला. वरून पांढरा, पण अक्षरांच्या खाचेत आकाशी.

“हा नुसता चुना नाही.” आत्या उभी राहिली. “यात मोरचूद आहे. दवाखान्यात मोरचूद प्यालेली माणसं मी पाहिली आहेत, हा रंग मी विसरायची नाही.”

दुर्दैवानं त्या क्षणी भिंतीपलीकडून शेळ्या नेणारा गहिनीनाथ चालला होता. त्याला तेवढं शेवटचं ऐकू गेलं.

अर्ध्या तासात इंदूआत्याच्या ओसरीवर रांग लागली. मडमबाई पोटात गेली होती ती गेली, पण आता तिच्याबरोबर मोरचूदही गेलं होतं. कुणाला मळमळत होतं, कुणाच्या पायाला मुंग्या येत होत्या. एक आजोबा तर म्हणाले, मला गेल्या दिवाळीपासूनच शंका होती.

“ज्यांची जीभ निळी असेल त्यांनी थांबा,” आत्या कडाडली, “बाकीच्यांनी घरी जाऊन ताक प्या!”

सगळ्यांनी एकमेकांना जिभा दाखवल्या. रांग पांगली. आत्या मात्र विचारात पडली होती.

“सुहास, ज्याला मसाल्यात टाकायला हवंय तो त्याच्यावर विष कशाला मारील?”

“मग रतनबाई सुटली!”

“माझ्या लेखी सुटली. गावाच्या लेखी आता ती विष घालणारी झाली.”

४

शनिवारी आम्ही एकेका संशयिताकडे निघालो. पहिले आबासाहेब. त्यांच्यावर माझा संशय बराच होता. पुढच्या महिन्यात बिशपसाहेब येणार, त्याआधी कबरस्तान चकाचक करायचं हे त्यांनी मनावर घेतलं होतं. “जंगल का ठेवलंय म्हणून विचारतील,” असं ते मनवाला दोनदा ऐकवून बसले होते.

“मी खरडलं असतं तर सांगून खरडलं असतं,” आबासाहेब खुर्चीतून म्हणाले. “आणि चुना? चुना मी हातात धरत नाही. पावसात वाहून जातो. मी ऑइलपेंट सांगितलाय, आकाशी.”

मी आत्याकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं. आकाशी!

“आबासाहेब, जरा उकिडवे बसा,” आत्या म्हणाली.

ते खुर्चीचा हात धरून निम्म्यापर्यंत गेले आणि “अगं आई गं” करून परत बसले. त्यांना उठवायला मला आणि त्यांच्या सुनेला दोन्ही बाजूंनी धरावं लागलं.

बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, “तो चुना जमिनीपासून गुडघ्यापर्यंत आहे, एकसारखा. बसून लावलेला. हा माणूस बसला तर त्याच्यावरच शिळा उभारावी लागेल.”

पंकजा पाकिटं भरत होती. तिचा धंदा दोन दिवसांत दुप्पट झाला होता आणि ते तिला लपवताही येत नव्हतं.

“मी कशाला खरडू सिस्टर? मी बोलले खरं, पन बोलनं म्हंजी गुन्हा हाय का?”

“गुन्हा नाही, सवय आहे,” आत्या म्हणाली. “गुरुवारी दिवसभर कुठे होतीस?”

“शिर्डीला, माल द्यायला. एसटीचं तिकीट हाय बगा.”

तिकीट तर कुणीही दाखवील, असं मी रस्त्यात म्हणालो. आत्यानं मला कबरस्तानाच्या भिंतीबाहेर नेलं. ओढ्याच्या कडेला, भिंतीपासून बऱ्याच लांब, राखेचा लहानसा ढीग होता. त्यात नारिंगी-करड्या पापुद्र्यांचे अर्धवट जळालेले तुकडे. मनवानं ते भिंगाखाली पाहिले आणि तिचे डोळे पुन्हा भरले. तिचेच चट्टे होते.

“दुसऱ्यावर आळ घालायचा असता,” आत्या म्हणाली, “तर पंकजानं यातलं मूठभर रतनच्या उंबऱ्यावर टाकलं असतं. पुरावा कुणी इतक्या लांब आणून जाळत नाही. हे ज्यानं जाळलं त्याला ते कुणाला चिकटू नये असं वाटत होतं.”

“चिकटू नये म्हणजे?”

आत्या एकदम थांबली. राखेकडे बघत राहिली. मग म्हणाली, “चल, रतनकडे कढीपत्ता मागायला जाऊ.”

५

रतनबाईच्या अंगणात मिरच्या तशाच पडल्या होत्या. ती आम्हाला बघून उठली, पाणी दिलं आणि पुन्हा देठ खुडायला बसली. डोळे सुजलेले होते. मिरचीनं म्हणावं तर रतनबाईला मिरची कधी लागत नाही. कानिफनाथ ओसरीच्या कोपऱ्यात होता. त्यानं रामराम केला आणि भिंतीकडे बघत बसला.

“रतन, थोडा कढीपत्ता दे गं.”

“कुटनं देऊ सिस्टर?” रतनबाई म्हणाली. “गेल्या साली ह्यांनी डाळिंबाचं औषध त्याच्यावर बी मारलं. झाडाचा पार खराटा झाला. मंग म्या माज्या गळ्याची शपथ घ्यायला लावली, बागंच्या भाईर पंप काढायचा न्हाई म्हनून.”

कानिफनाथानं खाकरून घसा साफ केला.

आत्याची नजर अंगणभर फिरत होती. मीही फिरवली. मला मिरच्या, कोंबड्या, झाडं आणि एक विजेचा खांब दिसला. आत्याला काय दिसलं ते तिनं घरी येईपर्यंत सांगितलं नाही, घरी आल्यावरही सांगितलं नाही.

“उद्या बैठकीत कळेल,” ती म्हणाली. “पण सुहास, मला हे सोडवून आनंद होत नाहीये.”

६

रविवारी उपासनेला कधी नव्हे इतकी गर्दी होती. नंतर सगळे कबरस्तानात आले, हिंदू बांधवही आले. आबासाहेबांसाठी खुर्ची आणली होती. रतनबाई तरवडाच्या झुडपापाशी एकटी उभी होती आणि कानिफनाथ तिच्यापासून दहा हात लांब.

“आधी एक सांगा,” इंदूआत्यानं सुरुवात केली. “या शिळेवर खाली हे काय लावलंय?”

“चुना,” सगळे म्हणाले.

“आपल्याला कबरीला चुना बघायची सवय आहे म्हणून आपल्याला चुना दिसला. पण आपण कबर पूर्ण रंगवतो. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत, मोरचूद आणि चुना कालवून, एकसारखा पट्टा कोण ओढतं? आणि कशाला?”

कुणीतरी मागून चाचरत म्हणालं, “डाळिंबाच्या खोडाला लावत्यात. रोगावर.”

“आणि रोगट फळं, पानं पडली तर?”

“झाडून न्यायची. बागंच्या भाईर लांब जाळायची, म्हंजी दुसऱ्या झाडाला लागत न्हाई.”

तेच उत्तर पुढे सरकत सरकत गर्दीभर कळत गेलं. माणसं शिळेकडे नव्यानं बघू लागली.

“ही चोरी नाहीच,” आत्या म्हणाली. “हा इलाज आहे. मनवानं बुधवारी सांगितलं की शिळेवर बुरशी आहे. तुम्ही सगळ्यांनी दगडफूल तेवढं लक्षात ठेवलं. एकानं बुरशी लक्षात ठेवली. त्यानं फवारलं, घासून काढलं, लांब नेऊन जाळलं आणि पुन्हा लागू नये म्हणून मडमबाईला खोडासारखा पट्टा ओढला. गुरुवारी भर दुपारी, गाव झोपलेलं असताना.”

“पन कोन?” पंकजानं विचारलं.

“डाळिंबवाली घरं आणखीही आहेत. पण मी एकच प्रश्न विचारला. रतन भांडली का नाही? खोटा आळ आल्यावर ही बाई गाव डोक्यावर घेते. ती गप्प बसते, तेव्हा कुणालातरी पाठीशी घालते. आणि काल तिच्या अंगणात मी पाहिलं, शेवग्याला पट्टा, लिंबाला पट्टा, पेरूला पट्टा. वायरमन नको म्हणत असताना विजेच्या खांबालासुद्धा पट्टा.”

मी कपाळावर हात मारला. खांब मीही पाहिला होता.

कुणी नाव घ्यायच्या आधीच कानिफनाथ पुढे आला. त्यानं टोपी काढून हातात धरली.

“म्या केलं,” तो म्हणाला. “दोन सालं बाग रोगानं गेली हुती. औंदा म्या पयलं फळ हितं ठेवलं, आन् सारी बाग हाती आली. मडमबाईनं माजी बाग राखली. तिच्या अंगावर बुरशी, ती बी पसरती म्हनत्यात, आन् म्या बगत बसू व्हय? ताई, तुमचं एवढं नुकसान हुईल हे मला ठावं न्हवतं.”

मनवानं नाक पुसलं. “मागची बाजू शाबूत आहे, काका. तिथे तुमचा पंप पोचला नाही. आणि पुढून ते परत किती दिवसांत उगवतं, ते आता मोजता येईल.”

“किती लागतील?”

“नुसतं नजरेत भरायलाच तीसचाळीस वर्षं.”

“म्या राखन करतो,” कानिफनाथ गंभीरपणे म्हणाला. एकजण हसला, मग सगळेच हसले. आबासाहेबांनी सुटकेचा श्वास टाकून बैठक संपली म्हणून सांगितलं. पण रतनबाई हसली नव्हती, त्यामुळे हसणं आपोआप थांबलं.

कानिफनाथ तिच्याकडे वळला. “तुज्या गळ्याची शपथ मोडली हुती, रतन. बोललो आसतो तर शपथ मोडल्याचं उघडं पडलं आसतं. तुला काई झालं म्हंजी? म्हनून म्या गप ऱ्हायलो.”

“मला काय व्हायचं ऱ्हायलं हुतं?” रतनबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “गावानं मसाला टाकला. पोरांनी मला बगून नाकं दाबली.”

“पन तुला… तुला ठावं हुतं?”

“गुडग्यापत्तूर रंगवलेलं थडगं बगून मला कळनार न्हाई? सुक्रवारी सकाळीच कळलं.”

“मंग बोलली का न्हाईस?”

रतनबाईनं पदरानं डोळे पुसले.

“तुमी बोलाल म्हनून वाट बगत हुते.”

लोक एकेक करून, थडग्यांना वळसा घालत, फाटकातून बाहेर पडले. पंकजा सगळ्यांच्या आधी गेली.

घरी जाताना आत्यानं कानिफनाथाला थांबवून बजावलं, की आता घरोघर जायचं आणि दोन वाक्यं बोलायची, थडगं मी फवारलं आणि मसाला चांगला आहे. त्याच दुपारी, रणरणत्या उन्हात, तो निघाला. जो माणूस सणावारी एक वाक्य बोलतो, तो वेशीपासून वेशीपर्यंत प्रत्येक दारात उभा राहिला. माझ्या दुकानाशी आला तेव्हा त्याचा घसा बसला होता.

“थडगं म्या फवारलं,” तो म्हणाला. “मसाला चांगला हाय. माजी बायकू त्याच्याहून चांगली हाय.”

शेवटचं वाक्य त्याला आत्यानं सांगितलेलं नव्हतं.